न पाहिलेल्या मशीनकडे जाणारा रस्ता

नाशिक जिल्हा मी सहा वर्षं फोनवरून फिरलो. सटाण्याच्या पुढे कुठल्या गावात रस्ता खचलाय, सुरगाण्याकडे रेंज कुठे जाते, कुठल्या उपकेंद्रातल्या सिस्टर पहिल्या रिंगला फोन उचलतात, हे मला पाठ होतं. प्रत्यक्षात गेलो तो फक्त आमच्या मूळ गावी, दादाकडे, वर्षातून दोनदा, एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून. बाकीचा जिल्हा माझ्यासाठी रकान्यांचा होता.

मी ज्या संस्थेत नोकरी करतो तिचं नाव देत नाही, काम सांगतो. रुग्णवाहिका आणि रुग्णालयं यांच्यामधला दुवा आम्ही सांभाळतो. गावातून फोन येतो, आमच्याकडची मुलगी समोरच्या पडद्यावरची यादी बघते आणि ड्रायव्हरला सांगते, पेशंट अमुक ठिकाणी न्या. ती यादी मी केली होती. त्यात एक रकाना होता ‘सीटी स्कॅन’. मी एकेका रुग्णालयाला फोन लावायचो, “मशीन आहे का?” विचारायचो, पलीकडून “आहे” आलं की ‘आहे’ लिहायचो. एकाच दुपारी चार तालुके उरकले होते. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी सकाळी सातच्या सुमाराला दादाच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. वहिनींनी आधी गाडी बोलावली आणि मग मला फोन केला. “भाऊजी, ह्यांचं तोंड वाकडं झालंय. नाशिकला आणू का?” मी दाढी करत होतो. म्हणालो, “एवढ्या लांब कशाला? तुमच्या जवळच मशीन आहे. तिथंच न्या.” गाडीलाही आमच्या पडद्यानं तेच सांगितलं.

मशीन होतं. ते चालवणारा माणूस सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी येत असे.

लकव्यात मेंदूतल्या नसेत गुठळी अडकते, नाहीतर नस फुटते. काय झालंय ते स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे मी असं लिहितोय जणू मला पूर्वीपासून माहीत होतं. तसं नाही. दादा दुपारी एक वाजता नाशिकच्या रुग्णालयात पोचला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, आणि सांगताना ते घड्याळाकडे बघत होते.

यादीतलं ते ‘आहे’ मी तसंच राहू दिलं, बदललं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. यादी माझी होती हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. उलट वहिनी भावकीत सांगत, भाऊजी होते म्हणून नाशिकला बेड मिळाला. मी गेलो की तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. दोन वर्षं मी ती खाल्ली.

या वर्षी संस्थेनं लकव्यासाठी वेगळी साखळी उभी करायचं ठरवलं. गावातली सिस्टर, गाडीचा ड्रायव्हर, स्कॅनचं ठिकाण आणि नाशिकचे मेंदूचे डॉक्टर, सगळे एका फोनच्या गटात. पेशंट निघाला की पुढच्याला आधीच कळवायचं. जवळच्या रुग्णालयात नेण्यापेक्षा जिथे त्या क्षणी स्कॅन होतो तिथे न्यायचं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून पाहणी करायची होती. साहेब म्हणाले, एखादा तरुण पाठवू. मी म्हणालो, मीच जातो. फेरीच्या शेवटी दादाचं गाव येत होतं. त्याला समोर बसून खरं सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. एवढंच कारण. बाकी सगळं त्याभोवती आलं.

पहिला दिवस : वणी आणि वरचा घाट

गाडी नाशिकच्या द्वारका चौकात भेटायची होती. संस्थेची जुनी रुग्णवाहिका आणि ती चालवणारे पोपटभाऊ. चाळिशीचे, अंगानं भरलेले, बागलाणातले. नव्या फॉर्मात प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ लिहायचा होता, म्हणून मी द्वारकेचा चौक ओलांडायला लागलेली चौदा मिनिटं लिहिली.

“हे पण लिवता का?” पोपटभाऊ म्हणाले. “मग वणीपत्तूर शाई पुरायची नाय साहेब.”

वणीला देवीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती. नारळ, हिरव्या बांगड्या, खणांच्या घड्या, आणि त्यांच्या मधूनच टोमॅटोचे क्रेट घेऊन चाललेले पिकअप. आम्ही एका टपरीवर चहा घेतला. भजी तळणाऱ्या बाईनं न विचारताच मिरच्या वर ठेवल्या. पोपटभाऊंनी चहा बशीत ओतला.

“साहेब, तुम्ही हापिसातले. ती यादी कोन करतं हो?”

“का?”

“काय नाय. एकदा भेटायचंय त्याला.” त्यांनी बशी फुंकली. “आमच्याकडचे एक मास्तर होते. रिटायर. सकाळी सकाळी उचलले मी. बाई म्हनत होत्या, नाशिकला चला. मी बी म्हनलं चला, रस्ता मोकळा हाय. तर हापिसातून पोरगी बोलली, यादीत जवळचंच आलंय. बाईंचा कोन दीर हाय नाशिकला, शिकलेला, त्यानं बी तेच सांगितलं. गेलो. दोन तास मास्तर स्ट्रेचरवर. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, त्याच्यावर हार. सुकलेला. उद्घाटनाचा! म्या डोळ्यानं पाह्यला.”

मी मिरची खाल्ली. ती फार तिखट होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी येण्याला कारण होतं.

“मास्तर माझ्याकडं बघत होते,” पोपटभाऊ म्हणाले. “बोलता येत नव्हतं. पन पोरानं गणित चुकवल्यावर मास्तर कसा बघतो, तसं. आता मी काय चुकवलं होतं? यादी चुकीची. एसीत बसून केली असंल कोनीतरी.”

“आमच्या ऑफिसात एसी नाही,” मी म्हणालो. तेवढंच बोलायचं मला सुचलं.

त्या दिवशी दादाला नाशिकला पोचवलं ती गाडी मी दाराशी येण्याआधीच परत गेली होती. त्या ड्रायव्हरचा चेहरा मी पाहिला नव्हता. आता तो माझ्याकडच्या भज्यांतली दोन उचलून खात होता आणि मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. तिथेच सांगायला हवं होतं. मी चहाचे पैसे दिले आणि गाडीत बसलो.

पुढच्या घाटात मला उलटी झाली. दोन कोरे फॉर्म वाया गेले. पोपटभाऊंनी गाडी थांबवून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, “या घाटात पेशंट बी वकतात. तुम्ही नुसतंच बसलात तरी वकलात.” चांगलं वाटलं. कोणीतरी मला बोललं म्हणून.

वरचा मुलूख वेगळा आहे. डोंगराच्या उतारावर नागलीची, म्हणजे नाचणीची, शेतं, कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, आणि दोन घरांच्या मध्ये एवढं अंतर की शहरात तेवढ्यात एक कॉलनी बसते. तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टर, मंदाताई, माझ्या फोनवरच्या ओळखीच्या. सहा वर्षं आवाज ऐकलेला. मला त्या उंच, करड्या वाटायच्या. निघाल्या ठेंगण्या, हसऱ्या, पायात रबरी बूट. त्या मला एका घरी घेऊन गेल्या. घरातल्या माणसाचा डावा हात लुळा पडला होता. त्याच्या बायकोनं आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. मी घरी डाळीत गूळ घालणारा माणूस; त्या वरणात फक्त मीठ, मिरची आणि धूर होता, आणि मी दोनदा मागून घेतलं.

“वारं गेलं तवा कुठं नेलं?” मंदाताईंनी तिला माझ्यासाठी विचारलं.

“भगताकडं.”

“आमच्याकडं का नाय आणलं गं?”

“तुमी मीटिंगला गेल्या होत्या ना, ताई.”

मग त्या भगताबद्दल मी विचारत गेलो आणि बाई सांगत गेली. लकव्यावर तो कबुतराचं रक्त चोळतो. त्याचा नंबर पंचक्रोशीतल्या प्रत्येक जीपवाल्याकडे आहे. जीप निघाली की जीपवाला त्याला फोन करतो. फाट्यावर त्याचा माणूस उभा असतो. पेशंट उतरेपर्यंत तेल गरम असतं आणि कबुतर हातात असतं. अमावास्या असो, लग्न असो, तो घरी असतो.

मी वहीत लिहिलं, आधी कळवणं, फाट्यावर माणूस, चोवीस तास उपलब्ध. आमच्या साहेबांनी नकाशासकट भिंतीवर लावलेली साखळी हीच होती. फक्त आमच्याकडे औषध होतं आणि त्याच्याकडे साखळी.

“त्याचं नाव बी टाका यादीत,” परतताना पोपटभाऊ म्हणाले. “तो तरी जाग्यावर सापडतो.”

दुसरा दिवस : मालेगाव

मालेगावात शिरलं की आधी कानाला कळतं. यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून येतो, जमिनीतून येतो, चहाच्या ग्लासावर बारीक वर्तुळं उठतात. माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलतात ती भांडत नसतात. सायकली, रिक्षा, कापडाचे तागे लादलेले हातगाडे, आणि बाजूला आग्रा रोडवर ट्रकांची रांग.

इथे मला सलीमभाईंना भेटायचं होतं. गेल्या वर्षी मागावर काम करताना त्यांना लकवा झाला होता. आता ते मागावरच उभे होते. दोन्ही हातांनी तुटलेला धागा जोडत होते. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. कोणाच्या बोटांकडे इतका वेळ बघणं बरं नाही, पण मला राहवलं नाही.

“देखो, देखो, सब चलती हैं,” ते म्हणाले आणि उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर उघडझाप करून दाखवली. “वो पडोस का इकबाल है ना, रिक्षावाला, उसने मुँह टेढा देखा और उठाके सीधा ले गया. मेरी बीवी बोली रुको, चप्पल तो पहनने दो. बोला, भाभी, चप्पल बाद में.”

मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्यांचा फोनवर एक गट होता. कुठलं स्कॅन सेंटर आत्ता उघडं आहे, कुठे लाइट गेली आहे, कुठला डॉक्टर आज बाहेरगावी आहे, हे ते एकमेकांना सतत सांगत असत. इकबालनं वाटेतच विचारलं होतं आणि वाटेतच उत्तर आलं होतं.

“आपको कौन बताता है, कहाँ ले जाना?” सलीमभाईंनी मला विचारलं.

“यादी आहे आमची,” मी म्हणालो.

“यादी फोन उठाती है?”

पोपटभाऊ एवढे हसले की मागवाले वळून बघायला लागले. सलीमभाईंनी मला जाताना चहा पाजला, दाट, वेलदोड्याचा, आणि स्वतःच्या उजव्या हातानं कप पुढे केला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय आलं ते लिहायला मला लाज वाटते. त्यांचं बरं झालेलं बघून आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एका रिक्षावाल्यानं चप्पल घालू दिली नाही म्हणून हा माणूस धागे जोडतो, आणि माझा भाऊ, ज्याचा भाऊ याच कामाचा पगार घेतो, त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

तिसरा दिवस : ते रुग्णालय

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथे चांगली माणसं काम करतात. मी मुद्दाम गुरुवार धरला होता.

व्हरांड्यात बाकांवर बाया बसलेल्या, एकीच्या मांडीवर पोर, खांबाला टेकून एक म्हातारा. सगळीकडे जशी असतात तशी. ‘सीटी स्कॅन’ अशी पाटी होती आणि खाली बाण. बाणाच्या शेवटी कुलूप. किल्ली एका मावशींकडे होती. त्यांनी दार उघडलं.

“मशीन शे, चालावनारा नही,” त्या अहिराणीत म्हणाल्या, ‘शे’ म्हणजे आहे. “धूळ झटकाले मी शे.”

ते मशीन मी पहिल्यांदा पाहिलं. पांढरं, मोठं, मधोमध गोल पोकळी. हार आता नव्हता. कव्हर होतं. मावशींनी ते माझ्यासाठी उचलून धरलं, लग्नात रुखवत दाखवतात तसं. याच खोलीबाहेर दादा दोन तास पडून होता. ज्या जागी स्ट्रेचर लावतात त्या भिंतीला लोखंडाच्या कडेनं खरवडून एक रेघ पडली होती. बऱ्याच स्ट्रेचरांची असणार. मी तिच्यावरून बोट फिरवलं.

डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, फॉर्म बघितला आणि सरळ म्हणाल्या, “इथे ‘नाही’ लिहू नका.”

“चालवणारा तीनच दिवस येतो ना, मॅडम?”

“हो. आणि त्या तीन दिवसांत आम्ही काम करतो. गेल्या महिन्यात शुक्रवारी एकाला इंजेक्शन दिलं. चालत घरी गेला. तुम्ही ‘नाही’ लिहिलंत की सगळ्या गाड्या आम्हाला टाळून जाणार. मग वरून विचारतील, तुमच्याकडे पेशंटच येत नाहीत, मग माणूस कशाला हवा? तीन दिवसांचा तोही काढतील. मी दीड वर्ष भांडून तो टिकवलाय.”

“वार लिहिता आले असते तर...”

“लिहा ना वार!”

“पडद्यावर तशी सोय नाही. चोवीस तास असेल तरच ‘आहे’, असं ठरलंय.”

त्या हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. “म्हणजे तुमच्या पडद्यावर जागा नाही म्हणून माझं रुग्णालय नाही.”

त्यांचं खरं होतं. गुरुवारी आलेल्याचंही खरं होतं.

“मग आत्तापर्यंत दोन वर्षं ‘आहे’ कसं चाललं?” त्यांनी विचारलं. “तेव्हा कोणी येऊन बघितलं होतं का? कोणी लिहिलं ते?”

“मी.”

मी हा शब्द दोन वर्षं घशात धरला होता, आणि तो बाहेर पडला एका अनोळखी मुलीसमोर, सरकारी खुर्चीत बसून. “मी फोनवर विचारलं होतं,” मी पुढे म्हणालो. “मशीन आहे का, एवढंच.”

दारात पोपटभाऊ उभे होते. हातात माझी पाण्याची बाटली. मी ती गाडीत विसरलो होतो. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

मॅडमनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. “ठरवा तुम्ही,” त्या म्हणाल्या. मी तो रकाना कोरा ठेवला, फॉर्म पिशवीत घातला आणि उठलो. कोरा ठेवणं हे काहीच न करण्याचं माझं जुनं कसब आहे.

त्याच दुपारी, दादाकडे

कांद्याची चाळ गेली, डाळिंबाच्या बागा गेल्या. तीन दिवसांत पोपटभाऊ पहिल्यांदा गप्प होते. मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. फाटा आला तसं मी म्हणालो, “इथून डावीकडे.”

“ठाव हाय.”

घरासमोर त्यांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही.

“मास्तर तुमचे कोन?”

“सख्खा भाऊ.”

“म्हंजी तो दीर...”

“मीच.”

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “दोन वर्षं म्या शिव्या घातल्या त्या यादीवाल्याला,” ते म्हणाले. “तुमच्या म्होरं बी घातल्या. तुम्ही भजी खात बसलात.” मग इंजिन बंद केलं. “मी हितंच थांबतो. तुम्ही जा.”

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पोपटभाऊंना ओळखलं, हाताला धरल्यासारखा आग्रह करून ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. चुलीवर कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी होती. दादा खुर्चीत, बुद्धाच्या तसबिरीखाली. दाढी वहिनी करतात त्यामुळे गालावर एके ठिकाणी केस राहिलेले. विहारातली संध्याकाळची वंदना पूर्वी दादा घ्यायचा. त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. आता तो मागे भिंतीशी बसतो आणि त्याचे फक्त ओठ हलतात, असं वहिनींनी मला मागे सांगितलं होतं. समजतं सगळं. बोलणं गेलं.

मला बघून तो हसला. अर्ध्या तोंडानं. वहिनींनी एक ताट ओट्यावर दिलं, एक मला वाढलं, पहिली भाकरी माझी, वर ठेचा आणि तेल.

“वहिनी, आधी ऐका,” मी म्हणालो. आणि सांगितलं. उभं राहून, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुलं सांगतात तसं, एका दमात. यादी सरकारची नव्हती. यादी माझी होती. मी बघितलं नव्हतं. तुम्ही नाशिक म्हणालात ते बरोबर होतं. त्या दिवशी सरळ निघाला असतात तर सव्वादहाला पोचला असतात. वेळ होता.

पिशवीतून मी नवा फॉर्म काढला आणि दादाच्या मांडीवर ठेवला. का ते मला नीट सांगता येणार नाही. काहीतरी पुरावा हवा होता, की मी सुधारतोय.

दादानं डाव्या हातानं कागद सरळ केला. तो त्यानं पूर्ण वाचला, वरपासून, एकेक ओळ. वह्या तपासायचा तसा, घाई न करता. वणी. वरचं उपकेंद्र. मालेगाव. मग ते रुग्णालय. तिथल्या कोऱ्या रकान्यावर त्यानं बोट ठेवलं. वर बघितलं नाही. बोट उचललं नाही.

मी खिशातलं पेन काढलं, वाकून त्याच्या बोटाशेजारी ‘नाही’ लिहिलं. मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोर होता, चालत घरी गेलेला तो शुक्रवारचा माणूसही. तरी लिहिलं. मग दादानं कागद मांडीवरून बाजूला सारला आणि तोंड भिंतीकडे केलं.

वहिनी अजून चुलीशी होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती तिचा वास आला.

“हे आज कशाला सांगितलंत?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “डॉक्टरचं चुकलं, गाडीचं चुकलं, नशिबाचं चुकलं, सगळं म्हणून झालं माझं. त्यात एक माणूस होता, की ज्यानं आपल्यासाठी धाव घेतली. भावकीत मी तेवढंच सांगत होते. तुमचं मन हलकं झालं असेल. आता मी काय सांगू?”

मी ताटावर बसलो नाही. बसा असं कोणी म्हणालंही नाही. पोपटभाऊंनी ओट्यावर खाऊन हात धुतले, वहिनींना हात जोडले, दादाच्या खुर्चीपाशी जाऊन खाली वाकले आणि पाया पडले. मग मला म्हणाले, “चला.” ‘साहेब’ म्हणाले नाहीत. नाशिक येईपर्यंत नाही, आणि नंतरही नाही.

परतल्यावर

फेरीचा अहवाल दिला. जुनी यादी मी कशी केली होती हेही त्यात लिहिलं. साहेबांनी ते पान वाचून फाइलच्या शेवटी लावायला सांगितलं. शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. साखळी सुरू झाली. मंदाताई आता मीटिंगला जाताना गटात लिहितात, कोणाकडे फोन करायचा ते. पडद्यावर वार लिहायची सोय करा, असं मी तीनदा लेखी दिलं. होईल म्हणतात. तोवर डॉक्टर मॅडमचा एक निरोप आला, एकाच ओळीचा, की स्कॅन चालवणाऱ्या माणसाची दुसरीकडे बदली झाली. पुढे काही लिहिलं नव्हतं.

मग एका गुरुवारी दादाच्या शेजारच्या गावातून फोन आला. पन्नाशीचा माणूस, ट्रॅक्टरवरून उतरताना पाय लुळा पडला. पडद्यावर त्या रुग्णालयापुढे ‘नाही’ होतं. गाडी थांबली नाही. चालवत पोपटभाऊच होते. नाशिकच्या डॉक्टरांना वाटेतूनच कळवलं होतं. स्कॅनचं मशीन रिकामं ठेवलं होतं, इंजेक्शन वेळेत गेलं. गटात सगळ्यांनी अंगठे पाठवले. मीही नाशिकच्या रुग्णालयात जाऊन आलो. माणूस खाटेवर बसून बायकोशी भांडत होता, की घरून निघताना बैलांना पाणी दाखवलं की नाही.

दादाकडच्या त्या भेटीनंतर वहिनींनी मला फोन केला नव्हता, मीही नाही. त्या संध्याकाळी मी केला. हे त्यांना सांगण्यात माझा काही स्वार्थ होता हे मला कळत होतं. तरी सगळं सांगितलं. गाव सांगितलं, गुरुवार सांगितला.

मग त्यांनी विचारलं, “चालतो?”

“चालतो, वहिनी.”

“बोलतो?”

“बोलतो.”

मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

“ठेवते,” त्या म्हणाल्या. “ह्यांना भरवायची वेळ झाली.”